आजी, उंदरांची झुंड आणि गॅमा वर्ल्ड

दांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या आठवणींत आज एक खेळ. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, जरा वेगळाच.

मी 1983 मध्ये शिकायला अमेरिकेत मिलवॉकीला गेलो. तिथून तासाभरावर लेक जिनिव्हा हे गाव. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणारी टीएसआर कंपनी तिथली. तिनेच 1978 मध्ये ‘गॅमा वर्ल्ड’ हा खेळ काढला होता. लेखक जेम्स वॉर्ड आणि गॅरी जॅके. खोलीवरच्या एका मुलाकडे त्याचा खोका होता.

हा खेळ टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा. एक जण गोष्ट चालवणार, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगणार. काळ चोविसाव्या शतकातल्या महायुद्धानंतरचा. जग बुडालंय, किरणोत्सर्गाने माणसं, जनावरं, झाडं सगळी बदललीत. विषय भयंकर, पण हसून हसून पुरेवाट! त्यात हूप नावाचे माणसाएवढे ससे आहेत. त्यांनी हात लावला की लोखंडाचं रबर होतं.

मला आवडला तो जुन्या वस्तूंचा नियम. आपल्या काळातली एखादी वस्तू उकिरड्यात सापडते, पण ती कशाची हे पात्राला ठाऊक नसतं. मग फासे टाकत एका तक्त्यावरून चौकटी चौकटीने पुढे सरकायचं. शेवटपर्यंत पोचलात तर उपयोग कळला, भलतीकडे वळलात तर इजा.

एका रात्री आम्हाला सापडला पांढरा डबा, वर दोन फटी, बाजूला दांडा. बॉम्ब समजून सगळे टेबलाखाली! निघाला टोस्टर. मी सगळ्यांत जास्त हसलो, कारण महिन्याभरापूर्वी खऱ्या टोस्टरसमोर मी तसाच उभा होतो. नाणी टाकून कपडे धुवायच्या यंत्रापुढेही. दिवसभर एकटा मीच अडाणी असायचो; त्या टेबलावर सगळेच अडाणी. त्या देशात मी पहिल्यांदा सैल झालो तो तिथे.

पुढे मी बडोद्याला परतलो. खेळही थोरल्या भावाच्या सावलीतल्या धाकट्यासारखा जगला. बंद पडायचा, काही वर्षांनी नव्या नियमांनिशी पुन्हा छापून यायचा. 1997 मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, तरी हे चालूच राहिलं.

2010 च्या ऑक्टोबरात तो पुन्हा आला आणि पुढच्या दिवाळीत भाच्याने खोका आणला. आता युद्ध गेलं होतं. जिनिव्हाजवळच्या (ही स्वित्झर्लंडची बरं का!) प्रयोगशाळेतल्या महाकाय यंत्राच्या चुकीने अनेक विश्वं एकमेकांत मिसळली, अशी नवी गोष्ट. पात्रही दोनदा फासा टाकून जुळवायचं. आईला आलं ‘वनस्पती’ आणि ‘उंदरांची झुंड’.

“म्हणजे तुळशीत उंदीर शिरले म्हण की!” आई म्हणाली. मुलं लोळायची बाकी राहिली.

मी तिला जुन्या खेळातला तो वस्तूंचा तक्ता समजावून सांगितला. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा वाण्याकडे तांदूळ मागितले. तो विचारतो, ‘चोखा?’ मला वाटलं, चोख हवेत का म्हणतोय. म्हटलं, हो, चोखच द्या. त्याने तांदूळ दिले. चोखा म्हणजेच तांदूळ, हे मला महिन्याभराने कळलं. तोवर चुकत चुकत बरोबरच आणत होते. कोणाला सांगितलं नाही. हसले असते.”

साठ वर्षांची गोष्ट, आणि आम्हा मुलांना ती तोवर माहीत नव्हती. आई बडोद्याचीच, असं आम्ही धरून चाललो होतो. तीही कधी एकटी अडाणी होती, हे उंदरांच्या झुंडीने कळवलं.

जेम्स वॉर्ड 2024 च्या मार्चमध्ये गेले. आई त्यांच्या आधीच गेली. खोका माळ्यावर आहे. या मे महिन्यात तो खाली काढणार आहे, कारण धाकटी सून नागपूरहून नवीन आलीय. तिला अजून ‘डुंगळी’ म्हणजे कांदा हे ठाऊक नाही. पहिला फासा तिचा.