भिंग, उजेड आणि कुंडलचा माळ

सांगलीहून पुण्याकडे जाणारी गाडी भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडीच्या स्थानकात शिरते आणि पुढे ताकारीच्या दिशेने सरकू लागते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला उसाच्या हिरव्या पट्ट्यांपलीकडे सागरेश्वराच्या डोंगराची रांग दिसू लागते. त्या रांगेवर काळवीट आहेत, चितळ आहेत, सांबर आहेत. परंतु गाडीतून त्यांतले एकही जनावर डोळ्यांना दिसत नाही. दूरचे ते रूप जवळ आणणारे भिंग कोणते घ्यावे, ऐपतीबाहेरचे थोर भिंग की खिशाला झेपणारे साधे, हा प्रश्न आज या भागातील छायाचित्रकारांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. तो नवा वाटतो, पण नवा नाही. छायाचित्रणाची विद्या जन्मली त्याच वेळी तो जन्मला, आणि आमच्या मुलखात तर त्याची मुळे याच माळाच्या आसपास सापडतात.

हा माळ औंध संस्थानचा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कारखान्यासाठी जागा शोधू लागले, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड (म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडी) स्थानकालगतची निवडुंगाने भरलेली ही जमीन त्यांना दिली. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. जमीन देणारे भवानराव स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी पुढे १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले. त्याच औंधात येऊन स्थायिक झालेले पंडित सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यापूर्वी लाहोरमध्ये त्यांचा चित्रकलेचा आणि छायाचित्रणाचा स्टुडिओ चालत असे, आणि किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये सुरू झालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर कलेचे धडे घेण्यासाठी त्यांच्याकडे लाहोरला गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नांगर आणि पंप घडविणाऱ्या या वसाहतीतून निघालेल्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी महाराष्ट्रातल्या घराघरांत छापील चित्र पोहोचविले. पाहण्याची हौस या मातीत उपरी नव्हती.

त्या काळातला छायाचित्रकार मात्र वस्तूच्या मागे धावत नसे. वस्तूच त्याच्यापुढे येऊन बसे. पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीत फेटा बांधलेले यजमान, उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा मऊ उजेड आणि तिवईवरचा लाकडी कॅमेरा, एवढ्या सरंजामात काम भागत असे. तरीही भिंगाची निवड तेव्हासुद्धा पैशाचीच होती. १८३९ मध्ये दागेरने आपली विद्या जगापुढे मांडली, तेव्हाचे देखावे टिपणारे साधे भिंग इतके मंद होते की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. पुढल्याच वर्षी व्हिएन्नाच्या पेट्झवाल या गणितज्ञाने चार काचांची रचना करून असे भिंग सिद्ध केले की तोच चेहरा सेकंदांच्या हिशेबात टिपता येऊ लागला. एका बाजूला थोड्या काचांचे, थोड्या उजेडाचे भिंग. दुसऱ्या बाजूला अधिक काचांचे, अधिक घडणावळीचे आणि भरपूर उजेड आत घेणारे. आजचा सारा वाद या एका भेदावर उभा आहे. जास्तीचा पैसा मोजावा लागतो तो उजेडासाठी, हे ध्यानात न घेता जो केवळ लांबी मोजतो, त्याची निवड हमखास चुकते.

दूरची वस्तू मोठी करून दाखविणारे टेलिफोटो भिंग १८९१ मध्ये लंडनचा डॉलमेयर आणि जर्मनीतील श्टाइनहाइल व मिटे यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. पुढे किरण एकवटणारा काचांचा गट, मागे ते किंचित फाकविणारा दुसरा गट. त्यामुळे नळी आखूड राहते आणि प्रतिमा मात्र लांब भिंगाइतकी मोठी पडते. लांबी हवी तशी कमी-जास्त करण्याची सोय असलेले झूम भिंग स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याला मिळाले ते १९५९ मध्ये, फ्रँक बॅकच्या रचनेवर फोख्टलँडरने काढलेल्या झूमारमुळे. त्याच वर्षी निकॉननेही ८५ ते २५० मिलिमीटरचे झूम बाहेर आणले.

पण १९५९ चे हे नवल सांगलीच्या पेठेत यावे कसे? परदेशी मालाला आयातीचा परवाना लागे, परवान्यासाठी दफ्तरांचे उंबरठे झिजवावे लागत, आणि त्यावर जकातीचा बोजा. घरात कॅमेरा असला तर ॲग्फाचा क्लिक थ्री असे, त्याचे भिंग बदलता येत नसे. थोडी अधिक ऐपत असलेल्याला रशियन झेनिट किंवा पूर्व जर्मनीचा प्राक्टिका मिळे, आणि त्यावर चढविण्यासाठी १३५ मिलिमीटरचे भिंग गाठले की त्याला जग जिंकल्याचा आनंद होई. महागडे आणि स्वस्त यांत निवड करण्याचा हक्कच त्या पिढीला नव्हता. जे हाती पडे तेच उत्तम मानावे लागे. या पिढीविषयी मला मनापासून आदर आहे. भिंग लांब नव्हते म्हणून तिने पाय लांब केले. पक्षी टिपायचा तर त्याच्या घरट्याजवळ आडोसा बांधायचा, तासन् तास आत बसायचे, त्याला माणसाची सवय होऊ द्यायची, हा तिचा रिवाज होता. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोके वान थो यांच्यापाशी धनाला काय तोटा! पण पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींबरोबर भारतात पक्ष्यांची छायाचित्रे घेताना तेही आडोशातच बसत.

आणि मग सागरेश्वराचा डोंगर हिरवा झाला. देवराष्ट्रे गावानजीकच्या या उघड्या, चराईने बोडक्या झालेल्या टेकड्यांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडे वाढविली, श्रमाची माणसे गोळा केली, सरकारच्या मागे लागले, आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मनुष्याने लावलेल्या वनातून अभयारण्य उभे राहण्याचे महाराष्ट्रातील हे पहिले उदाहरण. प्राणी बाहेरून आणून सोडले गेले आणि कुंपणाच्या आत वाढले. ज्या माळावर पूर्वी टिपण्याजोगे काही उरले नव्हते, तिथे टिपायला चितळ आले, सांबर आले, मोर आले. लांब भिंगाची खरी गरज या भागात निर्माण झाली ती या माणसाच्या श्रमांमुळे, असे मी निःसंकोच म्हणतो.

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले, पुढे डिजिटल कॅमेरा आला, आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. एका टोकाला ७० ते २०० मिलिमीटरचे, सर्व लांबींवर एफ २.८ इतके उघडणारे झूम, जवळजवळ दीड किलो वजनाचे. दुसऱ्या टोकाला ५५ ते २५० मिलिमीटरचे, चारशे ग्रॅमहूनही हलके, पण लांब टोकाला एफ ५.६ वरच अडणारे. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५० ते ६०० मिलिमीटरचे भिंग काढले, आणि पक्षीनिरीक्षकाला आपल्या मिळकतीत सहाशेपर्यंत पोहोचता येऊ लागले.

या आकड्यांचा अर्थ दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. तो कळायला मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी सागरेश्वराच्या पाणवठ्याजवळ थांबावे लागते. सूर्य डोंगराआड गेलेला असतो, आकाश अजून उजळ असते, पण झाडोऱ्यात राखी रंग उतरू लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी चितळांचा कळप एकेक पाऊल टाकीत उघड्यावर येतो. पुढची मादी मान वर करते, तिचे कान आळीपाळीने मागे-पुढे हलतात. २०० मिलिमीटरवर एफ २.८ म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाचे द्वार. २५० मिलिमीटरवर एफ ५.६ म्हणजे जेमतेम ४५ मिलिमीटरचे. पहिले भिंग दुसऱ्याच्या चौपट उजेड आत घेते. पहिल्याने सेकंदाच्या पाचशेव्या भागात जे चित्र मिळते, त्याला दुसऱ्यापाशी एकशेपंचविसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात तो कान हललेला असतो. कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवावी तर दाणे दिसू लागतात आणि अंगावरचे पांढरे ठिपके राखेत मिसळून जातात. भिंगात बसविलेली स्थिरीकरणाची यंत्रणा आपल्या हाताचा कंप थांबविते. चितळाचा कान थांबविणे तिच्या अधिकारात नाही. तेच दृश्य सकाळी दहा वाजता असते, तर दोन्ही चित्रांतला फरक सांगताना जाणकारसुद्धा अडखळला असता.

म्हणून ज्याचे काम अंधाराशी आहे, त्याने महागडे भिंग घ्यावे, हे माझे मत ठाम आहे. सांगली ही नाटकाची भूमी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले. त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात मागच्या रांगेतून नटाचा चेहरा टिपणाऱ्याला फ्लॅश वापरता येत नाही. त्याला एफ २.८ वाचून गत्यंतर नाही. लग्नाच्या मांडवात पोट भरणाऱ्या व्यावसायिकालाही नाही, कारण त्याचे भिंग एकदोन हंगामांत आपली किंमत फेडते. उलट पावसाळ्यात कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती घाटावरून टिपणारा, किंवा हिवाळ्यात मायणीच्या तलावाकाठी भर उन्हात पाणपक्षी पाहणारा हौशी माणूस साध्या भिंगाने काही गमावीत नाही, आणि त्याने कर्ज काढून दीड किलोचे ओझे खांद्यावर घेणे मला मुळीच पसंत नाही.

तिसरी एक वाट आहे, जुन्या भिंगाची. आणि तिच्याविषयी स्वानुभवाने सावध करणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी मी एक थोर घराण्याचे भिंग निम्म्या किमतीत घेतले. बाहेरून ते नव्यासारखे होते. घरी आणून द्वार पूर्ण उघडले, मागून विजेरीचा झोत टाकला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले. ज्याला सारे छायाचित्रकार फंगस म्हणतात, ती ही बुरशी. कृष्णाकाठची पावसाळी दमट हवा तिला फार मानवते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पेठेतून पाणी फिरले. तशा वर्षानंतर बाजारात येणारे प्रत्येक जुने भिंग विजेरीने तपासूनच घ्यावे, आणि घेतलेले भिंग चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

निवड करू पाहणाऱ्या वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही भिंगे एका दिवसासाठी भाड्याने घ्या, सागरेश्वरला जा, एकच जनावर, एकाच जागेवरून, एकदा सकाळी दहाला आणि एकदा सूर्य डोंगराआड गेल्यावर दोन्ही भिंगांनी टिपा, आणि घरी येऊन ती चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा.