शुद्ध हवेची पेटी

अन्नावांचून मनुष्य कांहीं आठवडे काढतो, पाण्यावांचून कांहीं दिवस काढतो. परंतु हवेवांचून त्याला दहा मिनिटेंही काढतां येत नाहींत. असें असूनही पाणी गाळून प्यावें हा विचार घरोघरीं जितका रुळलेला आहे, तितका हवा गाळून घ्यावी हा विचार रुळलेला नाहीं. या विचाराच्या इतिहासांत एक अडचण पुनःपुन्हां आडवी आलेली दिसते. गाळणी बारीक करावी तर हवा अडते, आणि हवा मोकळी सोडावी तर धूळ निसटते.

इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यानें १७४३ सालीं हवा खेळविणाऱ्या यंत्रांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लोहाराच्या भात्याच्या तत्त्वावर चालणारीं हीं यंत्रें जहाजांवर व तुरुंगांत बसविण्यांत आलीं. १७५० सालीं लंडनच्या न्यायालयांत कैद्यांबरोबर आलेल्या ज्वरानें न्यायाधीशांचा व खुद्द नगराध्यक्षाचा बळी घेतला. तेव्हां १७५२ सालीं न्यूगेटच्या तुरुंगावर पवनचक्कीनें चालणारें यंत्र उभें राहिलें. तो ज्वर दूषित हवेनें होतो अशी तेव्हां समजूत होती. तो उवांनीं पसरतो, हें शार्ल निकोल यानें १९०९ सालीं दाखविलें. शिवाय हेल्सचें यंत्र हवा हालवीत असे, गाळीत नसे.

हवेंत गाळण्याजोगें कांहीं आहे, हें लोकांच्या डोळ्यांपुढें आणलें तें जॉन टिंडल यानें. १८७० सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यानें अंधारांतून प्रकाशाचा एक प्रखर झोत सोडला. स्वच्छ भासणाऱ्या हवेंत असंख्य रजःकण तरंगतांना दिसले. कापसांतून गाळलेली हवा त्या झोतांत सोडतांच तेथें काळोख पडला. कारण प्रकाश परतविणारे कणच उरले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत अणुशक्तीचें काम चालू असतां किरणोत्सर्गी कण अडविणारी गाळणी आवश्यक झाली. विषारी वायूच्या मुखवट्यांत वापरावयाच्या तंतुमय कागदापासून ती सिद्ध झाली, व पुढें हेपा या नांवानें प्रसिद्ध झाली. ०.३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एकतृतीयांशाहूनही लहान, असे कण ती शेंकडा ९९.९७ अडविते. याच आकाराची परीक्षा कां? याहून मोठे कण वेगानें येऊन तंतूंवर आपटतात किंवा त्यांना घांसून अडकतात. याहून लहान कण हवेच्या अणुरेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकतात आणि तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कण मात्र दोहोंतूनही निसटूं पाहतात.

पुढें ही गाळणी घरगुती यंत्रांत आली. तथापि गाळणीची सूक्ष्मता म्हणजे यंत्राची उपयुक्तता नव्हे. एखादें यंत्र मिनिटाला १०० घनफूट हवा ओढून तींतील जवळजवळ सर्व कण अडवीत असेल, तर तें १०० घनफूट शुद्ध हवा देतें. दुसरें यंत्र ६०० घनफूट हवा ओढून केवळ निम्मे कण अडवीत असेल, तरी तें ३०० घनफूट शुद्ध हवेइतकें काम करतें. म्हणून मिनिटागणिक किती शुद्ध हवा मिळते, हेंच यंत्राचें खरें माप होय.

२०२० सालीं कोरोनाच्या महामारींत या हिशेबाला जीवनमरणाचें महत्त्व आलें. श्वासावाटे निघणारे सूक्ष्म तुषार बंद खोलींत तासन्‌तास तरंगत राहतात, हें ध्यानांत आलें होतें. परंतु प्रत्येक वर्गांत महागडें यंत्र ठेवणें शाळांना परवडणारें नव्हतें. पेटीच्या आकाराच्या साध्या पंख्याला एकच गाळणी चिकटविण्याची युक्ति कांहीं लोक करीत. पण पंखा दमत असे व हवा थोडी निघे. हवेच्या अभ्यासांत आयुष्य घालविलेले प्राध्यापक रिचर्ड कॉर्सी यांनीं अनेक गाळण्या जोडण्याची कल्पना सुचविली, आणि टेक्सस प्रांतांतील गाळण्यांचे कारखानदार जिम रोझेंथाल यांनीं ऑगस्ट २०२० मध्यें ती प्रत्यक्षांत उतरविली.

रचना अगदीं सोपी आहे. वीस इंच लांबीरुंदीच्या चार गाळण्या चार भिंतींसारख्या उभ्या करावयाच्या, तळाला पुठ्ठा लावावयाचा व वर पंखा ठेवून सर्व सांधे चिकटपट्टीनें बंद करावयाचे. मर्म आहे तें क्षेत्रफळांत. लहान फडक्यांतून घागरभर पाणी गाळण्यास वेळ लागतो. फडकें मोठें पसरलें कीं तेंच पाणी भरभर उतरतें. गाळणीचें क्षेत्र चौपट झालें कीं तितक्याच हवेचा गाळणींतील वेग चतुर्थांश होतो, आणि त्याच प्रमाणांत अडथळाही घटतो.

आणखी एक दोष होता. पंख्याचीं पातीं गोल, चौकट मात्र चौकोनी; त्यामुळें बाहेर पडलेली हवा कोंपऱ्यांतून परत आंत शिरे. वर्तुळाकार भोंक पाडलेला पुठ्ठा पंख्यावर बसवितांच ही गळती थांबली व प्रवाह वाढला. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या २०२२ सालच्या मोजणींत अशा पेटीपासून पंख्याच्या वेगानुसार मिनिटाला ६०० ते ८५० घनफूट शुद्ध हवा मिळाली. आणि खर्च मात्र तयार यंत्राच्या लहानशा अंशाइतका! अमेरिकेंतील अनेक शाळांत विद्यार्थ्यांनींच अशा पेट्या बांधल्या.

या पेटीला मर्यादा आहेत. ती वायुरूप विषें काढीत नाहीं, पंखा आवाज करतो, गाळण्या वेळोवेळीं बदलाव्या लागतात, आणि खिडकी उघडण्याचें कार्य ती करीत नाहीं. तथापि तिच्या नांवाची कथा स्मरणीय आहे. रोझेंथाल यांनीं पेटीला कॉर्सी यांचें नांव दिलें. कॉर्सी यांनीं श्रेय बांधणाऱ्याचें असल्याचें जाहीर केलें. अखेर ती कॉर्सी-रोझेंथाल पेटी झाली. श्रेयाविषयीं असें औदार्य दाखविणाऱ्या त्या दोघांनीं पेटीची कृतिही सर्वांस खुली ठेविली, म्हणूनच ती इतक्या वर्गांपर्यंत पोंचूं शकली.