रईस (चित्रपट)

रईस हा २०१७ साली प्रदर्शित झालेला हिंदी गुन्हेगारीपट आहे. दिग्दर्शन राहुल ढोलकिया यांचे असून शाहरुख खान, नवाजुद्दीन सिद्दीकी व माहिरा खान यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

कथा दारूबंदीच्या गुजरातमध्ये घडते. जयराज (अतुल कुलकर्णी) या दारू व्यापाऱ्याच्या हाताखाली वाढलेला रईस स्वतंत्र धंदा उभारतो आणि दोघांत वैर पेटते. जयराजचा अंत मध्यंतराच्या मागेपुढे होतो; पुढील संघर्ष पोलीस अधिकारी मजमुदार याच्याशी असला, तरी कुलकर्णी यांची थंड, हिशेबी व्यक्तिरेखा अधिक स्मरणात राहते. ही कथा गुन्हेगार अब्दुल लतीफ याच्या जीवनावर बेतल्याचे म्हटले गेले. निर्मात्यांनी ते नाकारले.

कथेच्या मुळाशी असलेला मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा द्वैभाषिक मुंबई राज्याचा वारसा होय. खानदेशही त्याच राज्यात होता. १९६० च्या विभाजनानंतर महाराष्ट्राने बंधने शिथिल करून परवाना पद्धत स्वीकारली. गुजरातने बंदी कायम ठेवली. त्यामुळे चित्रपटातील काळात गुजरातला थेट लागून असलेला धुळे जिल्हा (नंदुरबार त्यातून १९९८ मध्ये वेगळा झाला) या दोन राजवटींच्या सीमेवर होता. नवापूर रेल्वे स्थानक तर दोन्ही राज्यांत विभागलेले आहे: फलाटाच्या एका टोकाला परवान्याने चालणारी बाटली दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते. ही तफावतच रईससारख्यांचे भांडवल होते. चित्रपट मात्र खानदेशाकडे वळत नाही.