वाद्यांची नावं आणि घरातली घागर

आज वाद्यांविषयी बोलायचं आहे, म्हणजे खरं तर वाद्यांच्या नावांविषयी.

नावं बदलतात हे आपल्याला नवं नाही. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, मग रायगड झाला. जमीन तीच, समुद्र तोच, नाव दुसरं. उलट 'कुलाबा' हे एकच नाव अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यालाही आहे आणि मुंबईच्या दक्षिण टोकालाही. म्हणजे एका जागेला दोन नावं आणि एका नावाच्या दोन जागा. वाद्यांचं अगदी तसंच आहे. फरक एवढाच, की वाद्याचं नाव बदललं की पुष्कळदा वाजवणाऱ्याचा मानही बदलतो. आणि ज्या वस्तूला वाद्याचं नावच मिळत नाही, ती वाजवणारीला कोणी वादक म्हणत नाही.

बचत गटांच्या कामात हे फार जाणवतं. मेळाव्याचा किंवा स्पर्धेचा अर्ज आला की त्यात 'कलाप्रकार' हा एक रकाना असतो आणि 'वाद्य' हा दुसरा. मंगळागौरीचा किंवा गौरीच्या नाचाचा गट असला की दुसऱ्या रकान्यात बायका 'नाही' लिहून मोकळ्या होतात. ते 'नाही' खरं आहे का, हे आज बघू. त्यासाठी आधी आपल्या किनाऱ्यावरच्या ओळखीच्या वाद्यांकडे जाऊ.

पहिलं नाव घेऊ बेंजोचं. हळद असो, गणपतीची मिरवणूक असो, नारळी पौर्णिमा असो, बेंजो लागतोच. पण बेंजो म्हणजे काय? अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी जे वाद्य घडवलं, त्याचं हे नाव. ते वाद्य म्हणजे चामडं ताणलेलं गोल अंग आणि त्याला लांब दांडी. आपल्या बेंजोचा त्या वाद्याशी घडणीचा काहीही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. हे वाद्य जपानचं. नागोयामध्ये १९१२ च्या सुमारास ते तयार झालं आणि तिथं त्याला 'ताइशोगोतो' म्हणतात. आपल्याकडे आल्यावर त्याला 'बुलबुल तरंग' असं गोड नाव मिळालं. कराचीकडच्या बलुच वादकांनी त्याला 'बेंजू' म्हटलं, मुंबई-कोकणात 'बेंजो' रुळलं. वाद्य जपानी, नाव अमेरिकेचं, आणि हळदीची गाणी आपली.

पण नावाचा प्रवास तिथंही थांबला नाही. आज आपण "बेंजो सांगितलाय" म्हणतो, तेव्हा एक वाद्य सांगितलेलं नसतं. ढोल, ताशे, झांजा, कर्णे लावलेली गाडी, असा सगळा ताफा सांगितलेला असतो. एका वाद्याचं नाव अख्ख्या ताफ्याला मिळालं. रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यातही अशाच वादकांची गोष्ट आहे.

याच्या उलट बघा 'खालूबाजा'. दक्षिण रायगड आणि रत्नागिरीकडे शिमग्यात, पालखीपुढे, लग्नाकार्यात खालूबाजा असतो. खालूबाजा नावाचं एकटं वाद्य नाही. सनई, ढोल आणि त्यांच्या जोडीची वाद्यं मिळून खालूबाजा होतो. म्हणजे तिथं नाव मुळातच ताफ्याचं. त्यातल्या सनईचं नावही लांबून आलेलं. फारसीतल्या शहनाई-सुरनाशी त्याचं नातं आहे. तुर्कस्तानात त्याच जातीच्या वाद्याला झुर्ना म्हणतात, चीनमध्ये सुओना. तोंडाला पत्तीची जिभली आणि खाली पसरट कर्णा, ही घडण एवढे देश ओलांडून गेली आणि प्रत्येक ठिकाणी तिचं नाव तिथल्या जिभेप्रमाणे थोडं थोडं वळलं.

दुसरं नाव पेटीचं. घरात आपण पेटी म्हणतो, जुनी माणसं बाजाची पेटी म्हणायची, पुस्तकात हार्मोनियम असतं आणि मैफलीच्या पत्रिकेत 'संवादिनी'. एकाच वाद्याची ही चार नावं, पण चारांचा मान सारखा नाही. पॅरिसच्या देबॅं नावाच्या कारागिरानं १८४० च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेव्हा ते पायानं भाता मारून वाजवायचं होतं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून, एका हातानं भाता मारत वाजवता येईल असं केलं, आणि ते गावोगाव पोचलं. पण आपण आज रेडिओवर बोलतो आहोत म्हणून मुद्दाम सांगते: १९४० साली आकाशवाणीनं याच पेटीला बंदी केली. परदेशी वाद्य, तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठरलेले, असे आक्षेप होते. ही बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. त्या तीस वर्षांत आपल्या भजनी मंडळांनी पेटी खाली ठेवली का? नाही. रेडिओवर ती परकी होती आणि देवळात ती घरची होती. 'संवादिनी' या नावानं तिला मैफलीत मानाची शाल पांघरली, पण भजनातल्या बुवांनी तिला 'पेटी' म्हणूनच जपलं.

भजनातलंच तिसरं नाव, मृदंग. वारकरी मंडळी ज्याला मृदंग म्हणतात, त्यालाच गायन-वादनाच्या वर्गात पखवाज म्हणतात. वाद्य एकच, डाव्या बाजूला भिजवलेली कणीक लावायची पद्धतही तीच. आणि दक्षिणेत ज्याला मृदंगम् म्हणतात ते वाद्य मात्र वेगळं, त्याची घडण वेगळी, बोल वेगळे. म्हणजे पुन्हा कुलाब्यासारखंच झालं. शिवाय शब्द फोडून पाहा: मृद् म्हणजे माती. ज्याचं अंग मातीचं तो मृदंग. आज त्याचं खोड लाकडाचं आहे. माती केव्हाच गेली, पण नावात ती अजून शिल्लक आहे. वीणेचंही तसंच. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवत बसला आहे, ती धनुष्यासारख्या वाकड्या दांडीची आहे. आपल्या सप्ताहात जी वीणा पहाऱ्यामागून पहारा हातातून हातात जाते, खाली ठेवली जात नाही, तिचा आकार त्या वीणेशी जुळत नाही. नाव मात्र दीड हजार वर्षांहून जास्त काळ तेच राहिलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. दूर युक्रेन देशात गावोगाव फिरून गाणारे, बहुतेक अंध असलेले गायक होते. ते कोबझा नावाचं तंतुवाद्य वाजवायचे, म्हणून त्यांना कोबझार म्हणत. पुढे त्यांच्या हातात बांडुरा नावाचं जास्त तारांचं वाद्य आलं. तरी लोक त्यांना कोबझारच म्हणत राहिले, आणि कोबझा व बांडुरा ही दोन नावं एकमेकांत मिसळून गेली. त्यांचा मोठा कवी शेवचेन्को यानं १८४० साली आपल्या कवितांच्या पुस्तकाला 'कोबझार' हेच नाव दिलं. आपल्याकडे पखवाज वाजवणाऱ्याला आपण मृदंगाचार्य म्हणतो, तसंच हे. वाद्य बदलतं, वादकाचं नाव मागे रेंगाळतं.

आता डफाकडे येऊ, कारण इथं नावात मानापमान भरलेला आहे. लाकडी किंवा धातूचं कडं, एका बाजूनं ताणलेलं चामडं, एवढीच या वाद्याची घडण. पण शाहिराच्या हातात तो डफ होतो, खंडोबाच्या वाघ्याच्या हातात लहान होऊन दिमडी होते, दोन काड्यांनी वाजली की देशावर हलगी होते, आणि कुठं कुठं तिला डफडं म्हणतात. शाहिराच्या डफाला सभेत टाळ्या पडल्या. डफडं वाजवणं मात्र विशिष्ट जातींवर गावकीचं काम म्हणून लादलेलं होतं, म्हणून तो शब्दही हेटाळणीनं उच्चारला गेला. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत अनेक घरांनी अशी लादलेली कामं सोडली, त्यात वाजवणंही सोडलं. तेव्हा जुनं नाव टाकणं म्हणजे दर वेळी परंपरा गमावणं असं समजू नये. कधी कधी ते ताठ मानेनं उभं राहणंही असतं. म्हणून अशा वाद्याची नोंद करताना वाजवणाऱ्याला विचारावं, "तुम्ही याला काय म्हणता?" त्यांनी सांगितलेलं नाव लिहावं. आपण वरून ठेवू नये.

डफ हा शब्द अरबी 'दफ'वरून आला आणि त्याच कुळातला हिब्रू शब्द आहे 'तोफ'. हिब्रू म्हटलं की आपल्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल आठवतात. अलिबागची इस्राएल आळी, नवगाव, रेवदंडा ही त्यांची जुनी गावं. घाण्यावर तेल काढून शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. त्यांच्या धर्मग्रंथात समुद्र ओलांडून सुटका झाल्यावर मिर्यामनं 'तोफ' हाती घेतली आणि तिच्यामागून सगळ्या बायका वाजवत, नाचत निघाल्या, अशी कथा आहे. मराठी बायबलात तिथं शब्द आहे 'डफ'. आज डफ म्हटलं की आपल्यासमोर फेटा बांधलेला शाहीर उभा राहतो. त्या जुन्या कथेत मात्र डफ बायकांच्या हातात आहे.

आणि इथंच आपण आपल्या रकान्याशी येऊन पोचतो. अश्विनात अष्टमीला महालक्ष्मीपुढे कोकणातल्या अनेक घरांत बायका घागर फुंकतात. घागरीच्या तोंडावर फुंकर घालून घुमणारा आवाज काढायचा, तो लयीत ठेवायचा आणि त्या लयीवर नाचायचं. दम लागतो, सराव लागतो, प्रत्येकीला जमत नाही. मंगळागौरीत सूप नाचतं, लाटणी टिपऱ्यांसारखी वाजतात. पण यांतल्या कशालाच आपण वाद्य म्हणत नाही, कारण नाच संपला की घागर पाण्याला जाते, सूप धान्याला आणि लाटणं पोळीला.

हेच मातीचं भांडं दक्षिणेत पाहा. तिथं त्याचं नाव घटम्. विक्कू विनायकराम यांनी ते जगभरच्या मंचांवर वाजवलं. सुकन्या रामगोपाल यांनी त्यांच्याकडे शिकून हे वाद्य हाती घेतलं, तेव्हा बाईनं घटम् वाजवणं अनेकांना रुचत नव्हतं. त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांना २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. घटम् जास्त जाडीचं, मुद्दाम घडवलेलं असतं आणि ते हातांनी वाजवतात, हा फरक खरा आहे. पण त्याला वाद्य म्हणून नाव मिळालं, म्हणून त्याला गुरू मिळाले, शिष्या मिळाल्या, मंचावर जागा मिळाली. घागर घरातच राहिली.

मग घागरीला वाद्य म्हणायचा आधार काय? आधार फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेचं ते तत, चामडं मढवलेलं ते अवनद्ध, वारा फुंकून वाजणारं ते सुषिर, आणि आपटून किंवा घासून वाजणारं घट्ट वस्तूचं ते घन. ही वाटणी आवाज कशातून निघतो यावर आहे. उरलेल्या वेळी ती वस्तू कोठीघरात असते की काचेच्या कपाटात, हे तिथं विचारलेलं नाही. या हिशेबानं फुंकलेली घागर सुषिर आहे, बासरीच्याच पंगतीला. एकमेकांवर वाजणारी लाटणी घन आहेत, टाळाच्या पंगतीला.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी अर्ज भरताना तीन गोष्टी विचारा. आवाज कशातून निघतो? आपल्या गावात त्याला काय म्हणतात? आणि ते कोण, कोणत्या वेळी वाजवतं? या तिन्हींची उत्तरं लिहून ठेवा. शुद्ध वाटावं म्हणून गावचं नाव पुसू नका. पेटीला पेटीच लिहा, आणि जागा असली तर शेजारी हार्मोनियम लिहा. बेंजो लिहिलात तर वाद्य की सगळा ताफा, ते सांगा. दोन आळ्यांत दोन नावं असली तर दोन्ही लिहा. भांडण नको, दोन्ही खरी आहेत.

हे काम आपण नाही केलं तर पन्नास वर्षांनी कोणी तरी या कागदांवरून इतिहास लिहील, की रायगडच्या किनाऱ्यावर पुरुष वाजवत होते आणि बायका नुसत्या नाचत होत्या. कागद तेवढंच सांगेल, कारण आपण रकान्यात 'नाही' लिहिलेलं असेल. अजून ज्यांना घागर चांगली फुंकता येते अशा आज्या, काकू, मावश्या गावात आहेत. त्यांच्याकडून ती लय शिकून घ्या. आणि 'वाद्य' या शब्दापुढे स्वच्छ अक्षरात लिहा: घागर, फुंकून वाजवलेली.