लोलक मोजून घ्या

अंबडमधल्या वाड्याचा दिंडीदरवाजा वाकून ओलांडा. पाऊल आत पडलं की साल 1935. गाव निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा व्हायला अजून 46 वर्षं आहेत. तुमच्या खिशात निजामाचा हाली रुपया, आणि वाड्यात विजेची तार नाही.

उद्या घटस्थापना. मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे जाणारी माणसं सकाळपासून दारावरून चाललीत. तुम्हाला मात्र बैठकीतून हाक येते, "आलास का? ये, दोर धर."

तुळईच्या कप्पीवरून सुंभाचा दोर खाली आलाय. "हळू सोड रे बाबा, झटका देऊ नको," आजी म्हणतात. दोर तळहाताला टोचत सरकतो आणि झुंबर वीत-वीत उतरतं. सहा पितळी फांद्या, टोकाला काचेच्या वाट्या, आणि वर्षभराच्या धुळीनं आंधळे झालेले लोलक. खाली गोधडी अंथरलेली आहेच.

एकेक लोलक आकड्यातून सोडवायचा, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायचा, मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचा. पितळेला चिंच आणि राख. तासाभरात तुमची बोटं आंबट होतात. "बेल्जमचं आहे," आजी सांगतात. असेलही. विलायती काच सगळीच अशी बेल्जमची होते. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना डोळे दिपवणारी झुंबरं विकली, कलकत्त्यात तिचं दुकानही होतं. पण हे बापुडं लहानसं झुंबर पेंढ्यात बांधून, जालन्याच्या स्टेशनापासून पुढे बैलगाडीतून आलंय. त्या खडकाळ वाटेवर ते सुखरूप आलं, हेच त्याचं मोठेपण.

"चौऱ्याऐंशी," आजी बजावतात. तुम्ही मोजता. त्र्याऐंशी. पुन्हा मोजता, त्र्याऐंशीच. ओसरीवर धाकटी नात एक डोळा मिटून उन्हाकडे बघत बसलीय आणि तिच्या गालावर तांबडा-निळा पट्टा पडलाय. चौऱ्याऐंशीवा सापडला.

हंड्यांचं काम वेगळं. काचेच्या हंडीत आधी पाणी, वर करडईचं तेल. तेल तरंगतं, त्यावर वात. खालचं पाणी शोभेपुरतं नसतं. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपसूक विझते, काच तापून तडकत नाही. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातलं नव्हे.

दिवेलागणीला झुंबर वर जातं. सहा मेणबत्त्या, बस. पण चौऱ्याऐंशी लोलक त्या सहांना उचलून भिंतींवर, छतावर, तुमच्या सदऱ्यावर फेकतात. उजेड महाग आहे, म्हणून तो काचेनं वाढवून घ्यायचा. झुंबराचा सगळा खटाटोप त्यासाठी.

इथे बसल्या बसल्या वीस-पंचवीस वर्षं पुढे, थेट स्वीडनमध्ये डोकावून या. ऑरेफॉर्सच्या काचकारखान्यासाठी कार्ल फागरलुंड पितळ आणि जाड काच घेऊनच झुंबरं घडवतोय. सामान तेच, अडचण मात्र उलटी. तिथे विजेचा बल्ब आलाय आणि तो डोळ्यांत खुपतो. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेननं तर त्याच्यावर तीन छत्र्या एकावर एक बसवण्याचा उद्योग 1920 च्या दशकातच सुरू केला होता; 1958 साली त्याच्या 'आर्टिचोक' दिव्यात तांब्याची 72 पानं झाली, कुठूनही बघा, बल्ब दिसत नाही. तिकडे उजेड लपवायला इतकी कारागिरी, इकडे तो पुरवून वापरायला. मला विचाराल तर दिवा म्हणून त्यांचा सरस. पण आर्टिचोकखाली बसून लोलकातले रंग मोजता येत नाहीत.

परत या. आरती झाली, प्रसादाच्या वाट्या उचलल्या, मेणबत्त्या फुंकल्या. बैठकीत आता फक्त हंड्या. नात गोधडीवर झोपलीय, मूठ घट्ट मिटून. आजी वर बघत लोलक मोजायला लागतात आणि साठाच्या पुढे त्यांनाच डुलकी येते. कोपऱ्यातल्या हंडीतलं तेल संपतं. चर्र. वात पाण्याला टेकली. मग दुसरी.