नेट सेंडचे दिवस

परभणीत २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, तेव्हा मी एका लॅबवर शिकवायला लागले. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडची मुलं सकाळच्या एसटीनं यायची. इंटरनेट फोनच्या लाइनवरून, तेही मोजून वापरायचं. मुलांना खरं नवल वाटायचं ते लॅबमधल्या निरोपाचं. काळ्या खिडकीत 'नेट सेंड', समोरच्या मशीनचं नाव आणि मजकूर टाइप करून एंटर दाबलं, की पलीकडे करड्या चौकटीत निरोप उमटायचा: कुणाकडून, कुणाला, किती वाजता. 'मॅडम, प्रिंट निघाली का?' हे रोमन अक्षरांतलं मराठी माझ्या पडद्यावर दिवसभर यायचं.

विंडोज ९८ वर हे काम विनपॉपअप करायचा, आणि तो पलीकडेही उघडा असावा लागे. २००० आणि एक्सपीवर मेसेंजर सर्व्हिस मागे गुपचूप चालू असायची.

निरोप अडला की आधी नाव तपासायचं. एका हार्ड डिस्कची नक्कल सगळ्या मशीनवर उतरवलेली असे. नाव बदलायचं राहिलं, की दोन मशीन एकाच नावाची व्हायची. पंधरा अक्षरांपुढचं नाव चालत नसे. नाव सापडलं नाही की २२७३ हा आकडा यायचा. मग मी आयपी पत्त्यावर पिंग करायचे, नंतर नावावर. पत्त्याला उत्तर आलं आणि नावाला नाही, तर घोळ नावातच. भारनियमनात वेगळीच तऱ्हा: मशीन यूपीएसवर चालू, पण हब थेट भिंतीच्या प्लगला. सगळे पडदे उजळलेले आणि निरोप एकही जाईना! बंद मशीनही नेटवर्कच्या यादीत बराच वेळ दिसत राहायचं, म्हणून मी यादीवर कधी विसंबले नाही. हबचे दिवे पाहायचे.

२००३ साल जगभर वाईट गेलं. ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा किडा विंडोजच्या आरपीसीमधल्या फटीतून पसरला. ऑक्टोबरमध्ये खुद्द मेसेंजर सर्व्हिसमधली फट जाहीर झाली. जाहिरातवाले तर त्या सर्व्हिसमधून अनोळखी लोकांच्या पडद्यावर चौकटी टाकतच होते. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं ती सर्व्हिस बंद केली आणि फायरवॉल आपोआप सुरू केली. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टातून नेट सेंड गेलंच.

उरली 'एमएसजी' ही आज्ञा. ती मुळात टर्मिनल सर्व्हरवर बसलेल्यांसाठी. होम आवृत्तीत मिळत नाही. तिच्यात एरर ५ आली तर परवानगीची अडचण समजावी. दोन्हीकडे एकच युजर आणि पासवर्ड आहे का, ते बघावं. पलीकडच्या रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हरखाली 'अलाऊरिमोटआरपीसी' १ करावं. १७२२ आली तर ते मशीन पोहोचण्याजोगं नाही: बंद आहे, नाव चुकलंय किंवा फायरवॉल अडवतेय.

नेट सेंडचं दार बंद केलं ते बरंच झालं, असं माझं ठाम मत आहे. लॅबची ती गंमत मला फार प्रिय होती, पण ती घरच्या माणसांवरच्या भरवशावर उभी होती, आणि इंटरनेटवर सगळेच घरचे नसतात. म्हणून आज कुणाच्या कचेरीत 'एमएसजी' चालत नसेल, तर वैतागून अख्खी फायरवॉल बंद करू नका. आपल्या आतल्या नेटवर्कपुरती फाइल आणि प्रिंटर शेअरिंगची सूट द्या, आणि काम झालं की १ चा पुन्हा ० करा.