शेरखानशी पुनर्भेट : ‘जंगल बुक’ आणि भोपाळचे वाघ

१९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची ‘द जंगल बुक’ ही मालिका मूळची जपानी होय. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने निर्मिलेले तिचे ५२ भाग ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात जपानमध्ये प्रसारित झाले. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले, तर शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज लाभला. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. तोवर तिचे पहिले बालप्रेक्षक तिशी-चाळिशीत पोहोचले होते.

मोगलीची कथा मध्य प्रदेशातील सिवनीच्या डोंगरांत घडते. तिचे लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मले. मात्र १८९४मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द जंगल बुक’ त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिहिले. सिवनीच्या वर्णनासाठी त्यांनी रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७च्या ‘सिवनी’ या पुस्तकाचा आधार घेतला, असे मानले जाते. कथेतील वैनगंगा पुढे महाराष्ट्रात येते आणि पेंचचे जंगलही दोन्ही राज्यांत पसरले आहे. मध्य प्रदेश शासन शाळकरी मुलांसाठी ‘मोगली बाल उत्सव’ भरवते.

प्रौढ वयात ही मालिका पाहताना काही गोष्टी नव्याने ध्यानात येतात. मोगलीचा सोबती किची हा लाल पांडा आहे. हा प्राणी पूर्व हिमालयातला, सिवनीच्या जंगलातला नव्हे. सर्वांत अधिक बदलतो तो शेरखान. बालपणी तो निव्वळ खलनायक वाटतो. मूळ पुस्तकात मात्र त्याच्या वैराचे कारण स्पष्ट दिले आहे. तो जन्मतः एका पायाने अधू आहे. त्यामुळे तो गुरांवरच निर्वाह करतो. वैनगंगेकाठचे गावकरी त्याच्यावर संतापल्यामुळे तो लांडग्यांच्या प्रदेशात येतो आणि तेथील गावकऱ्यांचाही रोष ओढवून घेणार, अशी भीती लांडगीण बोलून दाखवते. माणसाची शिकार जंगलच्या कायद्याने निषिद्ध आहे. कारण त्यानंतर हत्ती आणि बंदुका घेऊन माणसे येतात व त्याचा त्रास साऱ्या जंगलाला भोगावा लागतो.

या भीतीचा अर्थ आज भोपाळमध्ये सहज उमगतो. २०२२च्या गणनेनुसार मध्य प्रदेशात ७८५ वाघ आहेत. ही संख्या देशात सर्वाधिक आहे. राजधानीच्या मोठ्या तलावाकाठी वनविहार राष्ट्रीय उद्यानात वाघ कुंपणाआड दिसतात. शहराच्या कडेला केरवा आणि कलियासोत या परिसरांत मात्र ते मोकळे वावरतात. ऑक्टोबर २०२२मध्ये भोपाळच्या मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात वाघ शिरला आणि त्याने गुरांवर हल्ले केले. वनखात्याने त्याला पिंजऱ्यात पकडून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सोडले. बंदुकीच्या जागी पिंजरा आला, हा सव्वाशे वर्षांतील बदल लहान नव्हे.

भोपाळलगतच्या रायसेन व सिहोर जिल्ह्यांतील रातापानी अभयारण्याला डिसेंबर २०२४मध्ये राज्यातील आठवा व्याघ्र प्रकल्प म्हणून मान्यता मिळाली. त्याला पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांचे नाव देण्यात आले. वाकणकरांनी १९५७ साली भीमबेटकाची चित्रगुंफा प्रकाशात आणली. तेथील खडकांवर माणसे आणि वन्य पशू एकाच भिंतीवर रंगविलेले आहेत.

गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०२०मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत आढळले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. जुलै २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य व लगतचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. वनक्षेत्रातील रहिवाशांच्या जमिनी आणि उपजीविका हा या वादातील कळीचा मुद्दा आहे.

पुस्तकात शेरखान म्हशींच्या खुरांखाली मरतो. बालवाचकाला तेथे गोष्ट संपल्यासारखी वाटते. पण त्याच प्रकरणाच्या अखेरीस गावकरी मोगलीला जादूटोणा करणारा ठरवून दगड मारून हाकलतात. वाघ संपला, तरी मोगलीला गावात घर मिळत नाही. तो जंगलात परततो आणि एकट्यानेच शिकार करण्याचे ठरवतो.